अस्वल आलं तर भाई आहेत

वास्कोत अस्वल यायचं तर त्याला सत्तरीचं रान सोडून, फोंडा मागे टाकून, जुवारी ओलांडून आणि दाबोळीच्या विमानतळाला वळसा घालून यावं लागेल. एवढी पायपीट करून पदरात काय, तर बंदरावरची कोळशाची धूळ! तरीही अस्वल दारात आलं तर काय करावं, याची खडान् खडा माहिती गोव्यात कुठे असेल तर ती वास्कोतच. सकाळी बाजारातल्या हॉटेलात पातळभाजी-पाव घेऊन बसणारे भाई हे त्या माहितीचं उगमस्थान. बंदरातली नोकरी संपवून निवृत्त, फ्लॅट मांगोर हिलला, आणि मूळ घर पेडण्यात, जे चवथीला उघडतं नि विसर्जनानंतर बंद होतं. गावात कुणाच्या बागायतीत काही खसफसलं की आधी भाईंचा फोन वाजतो, वनखात्याचा नंतर. भाई पावाचा तुकडा भाजीत तसाच भिजत सोडतात, चष्मा कपाळावर चढवतात, अंधारातला काळा ठिपका दोन बोटांनी मोठा करतात आणि निकाल देतात, ‘‘अस्वलच ते. आडवा पड आणि श्वास धर!’’

हा सल्ला शाळेतल्या दोन मित्रांच्या गोष्टीतून आलेला आहे. त्यात दरवेशाच्या दोरीला बांधलेलं अस्वल आणि टीव्हीवरच्या ‘जंगल बुक’मधला बाळू मिसळला की भाईंचं अस्वलशास्त्र पूर्ण होतं. खरं अस्वल त्यात कुठेच नाही. आपल्याकडचं अस्वल वाळवी, मुंग्या, मध आणि पिकलेली फळं यांच्या मागे फिरतं. आपल्याला खायला ते येत नाही. नाक तल्लख, पण दृष्टी आणि कान बेताचेच. त्यामुळे माणूस फार जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागला की ते दचकून थेट तोंडावर येतं. झाडावर चढावं तर ते आपल्याहून सराईत, पळावं तर वेगवान. म्हणून लांबून दिसलं तर त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावं आणि त्याला जायला वाट द्यावी. अंगावर आलंच, तर पालथं पडून मान हातांनी झाकावी असं जाणकारही सांगतात. म्हणजे गोष्ट अर्धी खरी आहे. पण पन्नास पावलांवरून आडवं पडणाऱ्याला ती वाचवत नाही.

भाई नुसते बोलतात, त्यात कुणाचं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं, की भाई बोलले की गर्दी जमते. चुकून वस्तीत शिरलेल्या जनावराला बहुतेक वेळा परत जायचंच असतं. ती परतीची वाट अडवतात ते मोबाइल धरलेले हात. सप्टेंबर 2025 मध्ये सिंधुदुर्गातून ओंकार नावाचा तरुण हत्ती पेडण्यात उतरला आणि मोपा-तांबोसे भागात भातशेतीत शिरला. अशा वेळी वनखात्याला हत्ती आणि बघे असे दोन कळप आवरावे लागतात, आणि दुसऱ्याला फटाक्यांची भीती नसते. भाई अर्थातच तिथे नसतात. ते वास्कोत बसून कुठल्या बाजूने हाकावं ते सांगत असतात. जनावर समोर असताना काही न करणं हेच बहुधा सर्वांत उपयोगी काम असतं, आणि नेमकं तेवढंच भाईंना जमत नाही.

आता खरा आक्षेप शेतकऱ्याचा. भात तुडवलं जातंय नि तुम्ही म्हणता स्वस्थ बसा? तो खोटा नाही. गाईगुरं मारली गेल्याच्या रागाचं टोक काय असतं ते जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत गोळावलीला दिसलं. एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. तेव्हा जनावर समोर असताना स्वस्थ बसायचं, पण ते गेल्यावर नाही. पंचनामा करून घ्यायचा, अर्ज भरायचा, फोटो जोडायचे, साहेबाच्या टेबलावर अडलेली भरपाईची फाईल हलवायची. आणि इथेच भाईंचं मला मनापासून वाईट वाटतं. बंदराच्या कचेरीत उभा जन्म फायली हलवण्यात गेलेला हा माणूस! कुठला कागद कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण जनावर रानात परतलं की भाईंचा रस संपतो. तोवर चिखलीत कुणाच्या तरी न्हाणीघरात साप निघालेला असतो.

तेव्हा पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मंडळींनी एवढंच करावं. अस्वल दिसलं तर मुलांना आत घ्या, कुत्रा बांधा, वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याला कळवा. भाईंना दुसऱ्या दिवशी फोन करा, आणि अर्जाचा कोरा नमुना त्यांच्या पत्त्यावर पाठवून द्या.