बोटभर साहेब

कोलकात्याच्या दक्षिण टोकाला, जोका इथे, गुरुसदय संग्रहालय आहे. गुरुसदय दत्त इंग्रजी अमदानीतले आयसीएस अधिकारी. बंगालच्या खेड्यापाड्यांतून त्यांनी जमवलेल्या नक्षीदार कांथा इथे पाहायला मिळतात. जुनी धोतरं-साड्या एकावर एक ठेवायच्या, काठांतले रंगीत दोरे उसवायचे आणि त्यांनीच टाके घालायचे. म्हणजे आपली गोधडीच, फक्त हिला गोष्टी सांगायची खोड.

मानदासुंदरी नावाच्या लेकीने वडिलांसाठी शिवलेल्या कांथेवर साहेब आणि शिपाई हजर आहेत. ज्या साहेबापुढे अख्खा जिल्हा वाकायचा, त्याला या बाईने बोटभर करून जुन्या कापडावर उभा केला. राजद्रोहाचं कलम सुईला लागू नसावं! आणि असली थट्टा जपून ठेवली कोणी, तर सरकारी नोकरीतल्याच माणसाने.

पुढे 2017 मध्ये या संग्रहालयाचं अनुदान बंद झालं. बंद करणारं खातं कोणतं? केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय. फाटक्या धोतरांनी इंग्रजी राज्य पचवलं, पण मंत्रालयाचा संग्रहालयाशी असलेला अनुदानाचा करार काही टिकला नाही. इतका बेमालूम विनोद कांथा शिवणाऱ्या बायांनाही सुचला नसता.