पाव किलोत चौघं

(एकपात्री प्रयोग. पात्र : भाजीवाली मावशी, पन्नाशीच्या आसपास. पालथ्या क्रेटवर फळी, फळीवर भाज्या, शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा आणि पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारा छोटा स्पीकर. पडदा उघडतो तेव्हा मावशी पालेभाजीवर पाणी शिंपडतेय. प्रेक्षक म्हणजेच गिऱ्हाइकं.)

या ताई, या. पहाटे गुलटेकडीच्या बाजारातून भाजी आणलीय. बघा की. बघायला पैसे पडत नाहीत. ओ काका! बघा म्हटलं, मोडा नाही म्हटलं! शेपूट मोडलंत ना भेंडीचं? निघाली कोवळी? मग घ्या. नाही? "नुसतं बघत होतो"? बरं, ते शेपूट तरी खिशात ठेवा, घरी दाखवायला.

(दुधी उचलते.) हा दुधी बघा. सकाळपासून येईल त्यानं नख लावलंय. ही एक चंद्रकोर, ही दुसरी, इथं तर वहिनींचं नेलपॉलिशसुद्धा लागलंय. नख लावायचं, कोवळा आहे का बघायचं, कोवळा निघाला की मान डोलवायची, खाली ठेवायचा आणि बटाटे घ्यायचे! बटाट्याला कुणी नख लावत नाही. त्याच्यावर विश्वास आहे महाराष्ट्राचा.

(काल्पनिक गिऱ्हाइकाकडे वळून) बोला वहिनी. पाव किलो गवार? किती जण घरात? चौघं. (गवार तोलते, मग थांबते.) वहिनी, राग मानू नका. माझी लेक आहारशास्त्र शिकते कॉलेजात. ती शिकायला लागल्यापासून माझा काटा बिघडलाय. म्हणजे वजन बरोबर दाखवतो, पण माझ्याच डोक्यात भागाकार सुरू होतो. पाव किलो भागिले चार. साडेबासष्ट ग्रॅम. त्यात देठं गेली, शिरा गेल्या, एक शेंग कढईला चिकटली. माणशी उरलं काय? चव.

आणि लेक म्हणते, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, सरकारी. त्यांनी 2024 साली सांगितलंय, माणसानं रोज 400 ग्रॅम भाज्या खाव्यात आणि वर 100 ग्रॅम फळं. माणशी! मी म्हटलं, अगं नीट वाच, आठवड्याचं असेल. नाही, रोजचं. चौघांचं झालं दोन किलो. आठवड्याचं चौदा. वहिनी, चौदा किलो न्यायचं तर तुम्हाला पिशवी पुरायची नाही, टेम्पो लागेल. मला हरकत नाही. पण तुम्ही पाव किलोत चौघं बसवताय, ते कसं काय? संसार करताय का जादूचे प्रयोग?

(स्पीकर : "पंधरा रुपये प्राप्त झाले.") हं, गेल्या वहिनी. जाताना काय म्हणाल्या ऐकलंत? "मावशी, थोडी कोथिंबीर टाका ना." ही टाकलेली कोथिंबीर म्हणजे बऱ्याच घरांत दिवसाची पालेभाजी. आमटीवर भुरभुरवली की झाली हिरवी भाजी खाऊन.

आता बटाट्याचं सांगते, दुखेल जरा. जागतिक आरोग्य संघटना जिनेव्हात बसते. ते म्हणतात, फळं-भाज्या मिळून रोज निदान 400 ग्रॅम. मी म्हटलं, हे बरे, कमी मागतात. पण लेकीनं पुढचं वाचलं. ह्यात बटाटा धरायचा नाही! (छातीवर हात.) बटाटा नाही? मग माझं निम्मं गिऱ्हाईक काय खातं? काचऱ्या, रस्सा, पिवळी भाजी, वडापाव. परवा एक दादा भांडायलाच लागले. "मावशी, वड्यात भाजीच असते ना?" म्हटलं दादा, असते, पण ती जिनेव्हाला मान्य नाही.

एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. ते म्हणतात रताळंही नाही. आणि कसावाही नाही. मी विचारलं, कसावा म्हणजे काय बाई? लेक म्हणाली, आई, ज्या कंदापासून तामिळनाडूत सेलमकडे साबुदाणा करतात तो. (बोटांवर मोजत) बटाटा. रताळं. साबुदाणा. अहो, हे आमचं एकादशीचं ताट आहे! जिनेव्हातल्या माणसाला कुणी कळवलं? आपण देवासाठी उपास करतो आणि त्या दिवशी नेमकी भाजीच खात नाही. देवानं कधी म्हटलं होतं, दोडका खाल्लास तर पावणार नाही?

(पेरूची टोपली पुढे ओढते.) आणि फळ. फळाबद्दल महाराष्ट्रानं बोलूच नये. नकाशा काढा. नागपूरचं संत्रं, जळगावचं केळं, नाशिकची द्राक्षं, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, सोलापूरचं डाळिंब, घोलवडचा चिकू, कोकणचा हापूस, आणि आमच्या पुरंदरचं अंजीर, ते मी शेवटी सांगतेय म्हणजे कमी समजू नका. त्या त्या भागाचं फळ म्हणून सरकार-दरबारी नोंद आहे ह्यांची. नकाशा नाही, फळांचं दुकान आहे. आणि घरात फळ येतं कधी? कुणी ॲडमिट झाल्यावर! तुम्ही उद्या धडधाकट माणसासाठी अर्धा डझन मोसंबी घेऊन जिना चढा. शेजारी दार उघडून विचारतात की नाही बघा, "काय झालं हो? कुठल्या हॉस्पिटलात?"

ते टॉवरमधले साहेब येतात. कानात बोंडं, हातात पाण्याची बाटली. "मावशी, ॲव्होकाडो आहे?" नाही. "ब्ल्यूबेरी?" नाही. "मग व्हिटॅमिन सी कशातून घेऊ?" म्हटलं साहेब, हा पेरू घ्या. संत्र्याच्या चौपट सी आहे ह्यात. साहेबांनी पेरूकडे असं बघितलं जसं काही मी त्यांना गावाकडच्या चुलत्याची ओळख करून दिली. मग म्हणाले, "दहाची कोथिंबीर द्या." (स्पीकर : "दहा रुपये प्राप्त झाले.") साहेबांचं डाएट सगळ्या मंडईला कळलं.

पण एक आहे हं. वर्षातले दोन दिवस माणसं भाजी खातात. भोगीला येतात, गाजर द्या, वांगी द्या, पावटा, हरभरा, मटार. आणि ऋषिपंचमीला. त्या दिवशी माझ्यापुढे रांग. अळू द्या, लाल भोपळा द्या, दोडका, पडवळ, माठ, मक्याचं कणीस. नेम काय, तर बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. चांगला नेम आहे. त्या दिवशी बैलाला सुट्टी. आणि बाईला ओव्हरटाइम! अळूनं हात खाजतात तिचे, दोडक्याच्या शिरा काढते ती, कणसाचे तुकडे करते ती. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणणाऱ्यानं बाईच्या कष्टाबद्दल काही म्हटलंय का? मी विचारलं होतं एका गुरुजींना. त्यांनी अर्धा किलो भोपळा घेतला आणि गेले.

(मेथीची जुडी हातात घेते. आवाज जरा खाली.) इतकी वर्षं ह्या फळीमागे बसल्यावर मला एक कळलंय. लोकांना भाजी आवडत नाही हे खोटं आहे. पंगतीत अळूचं फदफदं आलं की वाटी पुढे करतात, गरम भाकरी आणि मेथी मिळाली तर बोटं चाटतात. भाजी सगळ्यांना आवडते. निवडायला आवडत नाही. बटाट्याचं राज्य कशावर आहे? चवीवर? अहो, तो कुकरात टाकला की झाला! वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला, ह्याला कोण बसणार? फणसाला हाताला तेल लावून विळीवर कोण बसणार? ही मेथी कोण निवडणार?

हे दादा रोज हेच म्हणतात. "मेथी मस्त आहे हो मावशी, पण घरी निवडणार कोण?" दादा, घरी तुम्ही असता ना? रविवारी सोफ्यावर पन्नास ओव्हर बसता. ते दोन्ही हात मोकळेच असतात ना? एका डावात चार जुड्या होतात. विकेट पडली तर जरा वेगानं.

म्हणून मी पाकिटं सुरू केली. (पाकिटं मांडते.) निवडलेली मेथी, सोललेला पावटा, चिरलेला फणस. दुप्पट भाव. आणि गंमत बघा, जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस पाकिटाचा भाव मुकाट्यानं देतो. म्हणजे निवडण्याला किंमत आहे हे त्याला माहीत आहे! घरी बायको निवडते तेव्हाच तेवढं ते फुकटात धरतो. आणि ही पाकिटं रात्री कोण भरतं विचारू नका. आमच्याकडे मी, लेक, आणि हो, आमचे हेसुद्धा. सुरुवातीला म्हणायचे, मला जमत नाही. म्हटलं, मग जेवायला पण जमणार नाही. शिकले. पावटा तर माझ्यापेक्षा भराभर सोलतात.

(पहिल्या रांगेतल्या एका पुरुषाकडे जुडी पुढे करते.) तुम्ही, चष्मेवाले दादा. बायकोकडे कशाला बघता, मी तुम्हाला सांगतेय. ह्या दोन जुड्या. घरी गेलात की खाली वर्तमानपत्र पसरा. पानं इकडे, जून देठ तिकडे. कोवळे देठ टाकू नका, ते भाजीतच जातात. तीन पाण्यांनी धुवा, माती असते. आणि वहिनी मदतीला उठल्या तर त्यांना हा पेरू द्या आणि बसवा. कुणी ॲडमिट नाही, तरीही द्या.

बाकीच्यांनी पण ऐका. इथून पुढे पाव किलो म्हणायचं नाही, निदान अर्ध्या किलोपासून बोला. जुड्या वीसला एक, पेरू साठ रुपये किलो, स्कॅन करा, सुट्टे नाहीत. आणि कोथिंबीर मागू नका, ती आजपासून विकत.

(दिवे जातात. अंधारात स्पीकर : "चाळीस रुपये प्राप्त झाले.")