टोकियोत भांडायला कोणी नाही

रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला कोणावर तरी डाफरायची सोय लागते. आपल्याकडे ती स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच होते. रिक्षावाला मीटरने यायला नकार देतो, आपण दोन मिनिटं आवाज चढवतो, तो आपल्या आयांचा उद्धार करतो आणि निम्मा शीण तिथेच उतरतो. टोकियोत ही सोय नाही.

मुंबईहून रात्री सुटलेलं विमान सकाळी आठाला नारिताला टेकलं. माझ्या हातातल्या घड्याळात अजून साडेचारच वाजले होते. नारिता नावाला टोकियोचा विमानतळ; शहर तिथून साठएक किलोमीटरवर. मुंबई सांगून बदलापूरला उतरवावं, तसं. यावर चिडायला मी पूर्ण तयारीने पट्ट्यापाशी गेलो, तर बॅगा ओळीने, मुठी आमच्याकडे करून उभ्या केलेल्या. चिडणार कशावर?

गाडीच्या डब्यात कोणी बोलत नव्हतं. फोन वाजू द्यायचा नाही, फोनवर बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. हिने मुलीला फोन लावून, “अगं, पोचलो गं!” एवढंच म्हटलं, पण डोंबिवलीच्या आवाजात म्हटलं. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मीही पाहून घेतलं असतं. गाडीच्या वेळेवरून तरी काही बोलता येईल म्हणावं, तर या देशात 2017 साली एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. आमच्याकडची गाडी वीस सेकंद लवकर सुटली, तर लोक ती कालची समजतील.

मग शिंजुकु आलं. गिनीज बुकात जगातलं सर्वांत गर्दीचं म्हणून नोंदलेलं स्टेशन. गर्दीचं मला कौतुक नाही. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीहून चढणाऱ्याला गर्दी काय सांगता? पण तिथून बाहेर पडायचे दोनशेहून अधिक रस्ते आहेत. आमच्याकडे पूर्व की पश्चिम एवढं ठरलं, की माणूस घरी पोचतो. इथे पश्चिम होती, मध्य-पश्चिम होती, दक्षिण होती आणि शिवाय नवी दक्षिण होती. दिशासुद्धा पुनर्विकासाला जाते, हे मला नवीन होतं.

बाहेर आलो, तरी पत्ता लागेना, कारण बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे विभागाचा आकडा, मग गटाचा, मग इमारतीचा. कोपऱ्यावर ‘कोबान’ म्हणतात ती पोलीस चौकी होती. “अहो, त्यांनाच विचारा,” ही म्हणाली. चौकीतल्या तरुण हवालदाराने जाडजूड नकाशा उघडला, बोट फिरवलं, नखाएवढ्या चौकोनावर थांबवलं आणि मग टोपी सारखी करून आम्हाला वळणापर्यंत सोडायला आला. पोलिसाने एवढं केल्यावर घसा साफ करून ठेवलेला माणूस काय करणार? वाकून नमस्कार केला. त्यानेही केला. मी पुन्हा केला. शेवटी हिने मला दंडाला धरून ओढलं.

हॉटेलात खोली तीन वाजता मिळणार होती. वाजले होते साडेअकरा. काउंटरवरच्या मुलीने हे इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगितलं, की मीच तिला “असू दे, असू दे” म्हणालो. आमच्या बॅगांवर तिने जाळी घातली, गाठ मारली आणि बिल्ला दोन्ही हातांनी दिला.

भूक लागली होती. भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क निघू शकतो, हे वाचून आलेलो असल्याने दुकानातून दोन केळी घेतली. प्रत्येक केळ्याला स्वतःची प्लास्टिकची पिशवी. खाऊन झाली आणि सालं टाकायला कचऱ्याचा डबा सापडेना. 1995 मध्ये भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतले डबे मोठ्या प्रमाणावर काढले गेले. तरीही रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. लोक आपापला कचरा घरी नेतात. सालं माझ्या कोटाच्या खिशात गेली आणि तो खिसा घेऊन मी साडेतीन तास टोकियो पाहिलं.

खोली अशी, की एक बॅग उघडायची तर दुसऱ्या माणसाने पलंगावर चढायचं. मी चढलो. कोट पलंगावर, खिसा पालथा.

“अहो, ही सालं? लोकांच्या पांढऱ्या चादरीवर?”

तिथून जे सुरू झालं, ते सालांवरून माझ्या खिशांवर, खिशांवरून स्वभावावर आणि स्वभावावरून आमच्या लग्नातल्या मानपानावर गेलं. मीही मागे हटलो नाही. दिवसभरात प्रथमच पायांतला ठणका विसरायला झाला होता. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. हिने उचलला. काउंटरवरची मुलगी होती. आमच्या भिंती पातळ आहेत, आपल्याला अडचण होत असेल, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते, असं तिने अडखळत्या इंग्रजीत सांगितलं.

हिने फोन माझ्यापुढे धरला. “घ्या. निदान ही तरी माफी मागतेय.”