फाटकापासून सोफ्यापर्यंत

पुण्यातल्या सधन वस्त्यांमध्ये सोफा, गालिचा आणि पाण्याची टाकी साफ करून देण्याचा धंदा काढू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. सोफा कसा धुवायचा हे इथे सांगितलेलं नाही, ते तुम्हाला येतच असणार. सोफ्यापर्यंत पोचायचं कसं, एवढंच सांगितलं आहे. धंद्यातला कठीण भाग तोच आहे.

१. पैसा ओळखा

पुण्यात पैसा तीन प्रकारचा आढळतो: लपवलेला, दाखवलेला आणि हप्त्यांवरचा.

लपवलेला पैसा प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि मॉडेल कॉलनी या भागात राहतो. तिथे 'सोफा नवा करून देतो' असं म्हणू नये. सोफा नवाच आहे, आजोबांनी घेतलेला. प्रभात रस्त्याला नाव मिळालं ते 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या फिल्म कंपनीचं. म्हणजे बाहेरून आलेल्या धंद्याला इथे मान मिळतो. आधी 'संत तुकाराम' काढावा लागतो आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजावा लागतो, इतकंच.

दाखवलेला पैसा कोरेगाव पार्क, बोट क्लब रस्ता आणि कल्याणीनगर इथे. कोरेगाव पार्कात गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात आणि बंगल्यात पहिली मुलाखत कुत्रा घेतो. त्याचं नाव आधी विचारून ठेवा. मालकाचं नाव नंतर कळलं तरी चालतं.

हप्त्यांवरचा पैसा बाणेर, बालेवाडी, हिंजवडीच्या मनोऱ्यांत. इमारतीचं नाव इटालियन, लिफ्ट जपानी, पाणी टँकरचं. टाकी साफ करणाऱ्याला या पट्ट्यात मोठं भवितव्य आहे.

हडपसरच्या मगरपट्टा सिटीत मात्र जपून. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी बिल्डरला विकून टाकल्या नाहीत. त्या एकत्र केल्या आणि सुमारे 400 एकरांवर स्वतःच नगर वसवलं. त्यामुळे साध्या सदऱ्यातल्या काकांना 'मालक आहेत का घरात?' असं विचारू नये. ते नुसत्या घराचे मालक नसण्याची शक्यता आहे.

२. पत्रक छापा

पत्रक वर्तमानपत्रात घालून पाठवावं. पहाटे विक्रेते पुरवण्या भरत बसतात, तिथे गठ्ठा पोचवला की साडेसहाच्या सुमाराला तुमची जाहिरात एकाच वेळी शेकडो घरांत जमिनीवर पडते. कागद चकचकीत नको आणि मागची बाजू कोरी ठेवा. वाण्याची यादी लिहिता आली तरच पत्रक घरात आठवडाभर टिकतं.

भिंतीवर चिकटवू नका. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा 1995 चा कायदा महाराष्ट्रात आहे, आणि तक्रारदाराला लागणारा तुमचा नंबर तुम्ही स्वतःच छापून दिलेला असतो. फोन येईलच. तो आधी ऱ्हस्व-दीर्घाबद्दल असेल, भिंतीचा विषय नंतर निघेल.

मजकुरात आर्जव नसावं. लपवलेल्या पैशाच्या भागासाठी हा नमुना वापरून पाहा:

'सोफा धुऊन मिळेल. वाळायला सहा तास लागतात, चार तासांनी फोन करू नये. डाग कसा पडला हे आम्ही विचारत नाही, आपणही सांगू नये. चहा घेत नाही. दर ठरलेला आहे. शेजाऱ्यांना कमी लावलेला नाही.'

शेवटचं वाक्य ठळक छापावं. बाकीचं कुणी वाचत नाही.

३. वेळ पाळा

दुपारी एक ते चार फोन करू नये, बेल वाजवू नये, शक्यतो जिन्यात शिंकूही नये. मिठाईवाल्या चितळे बंधूंनी 2017 साली दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी झाली. पण तो ठराव दुकानदाराचा होता, गिऱ्हाइकांनी त्याला मंजुरी दिलेली नाही.

'दहा वाजता येतो' म्हणालात तर दहालाच पोचा. उशीर झाला तर बोलणी बसतात. लवकर गेलात तर जास्त बसतात, कारण तेव्हा आंघोळी चालू असतात.

४. फाटक ओलांडा

आता तुम्ही सोसायटीच्या फाटकावर आहात. इथे नाव, गाव, मोबाईल, गाडीचा नंबर आणि येण्याचं कारण द्यावं लागतं. वॉचमन ते आधी ॲपवर टाकतो, मग रजिस्टरमध्ये लिहून घेतो, कारण ॲपवर कमिटीचा विश्वास नाही. मग वर फोन जातो. मॅडम मीटिंगमध्ये असतात, साहेब फोन उचलतात आणि मॅडमना विचारायला सांगतात.

अर्बन कंपनीने 2025 साली मुंबईत 15 मिनिटांत घरकामाला मदतनीस पोचवण्याची सोय काढली. आधी तिला 'इन्स्टा मेड्स' नाव दिलं आणि टीका झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' केलं. नाव बदलायला वेळ लागला नाही. पुण्यात मात्र अडचण वेगळी आहे, 15 मिनिटं फाटकावरच जातात.

आत गेल्यावर तुमची लिफ्ट कुठली ते विचारून घ्या. सर्व्हिस लिफ्ट कचऱ्याच्या खोलीशेजारी असते.

५. व्हॉट्सॲपवर या, पण स्वतः येऊ नका

सोसायटीच्या गटात 'सोफ्याला चांगला माणूस आहे का कुणाकडे?' असा प्रश्न महिन्यातून एकदा पडतो. त्याला उत्तर म्हणून तुमचा नंबर पडला पाहिजे, आणि तो गिऱ्हाइकानेच टाकायला हवा. मागोमाग 'काम चांगलं, पण महाग' असं एकजण लिहील आणि 'स्वस्त आहे, पण बोलतो फार' असं दुसरा. दोन्ही तुमच्याबद्दलच असेल. उत्तर देऊ नका. तेवढ्यात कुणीतरी पार्किंगचा विषय काढतं आणि तुम्ही वाचता.

गणेशोत्सवाला प्रायोजक होण्याचा मोह होईल. पैसे द्या आणि बॅनर लावा. दहा दिवस लोक त्याच्याखाली उभे राहून आरती म्हणतील आणि प्रसादाकडे बघतील. हा खर्च धर्मादाय खात्यात टाकावा.

६. दर सांगा

दर विचारताना गिऱ्हाईक 'जीएसटी धरून का?' असं म्हणेल. सेवा-व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. उलाढाल जास्त सांगितली तर तुम्ही लुटता, कमी सांगितली तर तुम्हाला अनुभव नाही.

तरीही दर फार उतरवू नका. स्वस्त सेवेबद्दल सधन माणसाच्या मनात शंका असते आणि महाग सेवेबद्दल तक्रार. शंका असली तर तो बोलावत नाही. तक्रार असली तर बोलावतो, करून घेतो आणि मग करतो.

७. खरी जाहिरात

वरच्या सहाही पायऱ्या चुकल्या तरी चालेल, ही चुकू नये.

सोफ्याखाली काय आहे हे त्या घरात एकाच व्यक्तीला ठाऊक असतं: कामाच्या मावशींना. गालिचा शेवटचा कधी उचलला आणि मागच्या साफसफाईवाल्याने काय फोडलं, हेही त्याच सांगू शकतात. मावशी सकाळपासून पाच-सहा घरं करतात आणि सगळ्या घरांतले सोफे त्यांच्या ओळखीचे असतात. मॅडम तुमचं पत्रक वाचत नाहीत, पण 'तो माणूस नीट करतो, पसारा ठेवत नाही' हे मावशींचं वाक्य ऐकतात आणि तिथेच काम ठरतं. फाटकावरचा वॉचमनही मावशींनी मान हलवली की रजिस्टर मिटतो.

पुण्यात घरकामाची सर्वांत परिणामकारक जाहिरात झाली ती 1980 साली, एकही पत्रक न छापता. शहरातल्या मोलकरणींनी काम थांबवलं. भांडी मोरीत पडून राहिली, तेव्हा सेवेची किंमत गिऱ्हाइकाला आपोआप कळली. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, रजा, बोनस ही भाषा मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा यायला मात्र 2008 उजाडलं.

म्हणून तुमचं जाहिरातीचं अंदाजपत्रक नव्याने मांडा. पत्रकाचे आणि बॅनरचे पैसे काढून घ्या. ज्यांच्या शब्दावर काम मिळतं त्यांना दर कामामागे ठरलेली रक्कम द्या. ती त्याच दिवशी आणि रोख द्या, दिवाळीला मिठाईचा पुडा देऊन ती चुकवू नका. नमस्कार आधी त्यांना करा, मॅडमना नंतर.

एक इशारा. उद्या पुन्हा संप झालाच, तर तुमचा फोन सकाळपासून वाजत राहील. 'सोफा राहू दे, भांडी आणि फरशीचं किती घ्याल?' असं विचारतील आणि मागाल तो दर देतील, जीएसटीचा शब्दही न काढता. ते काम घेऊ नका. संप मिटल्यावर मावशी कामावर येतील. भांडी कुणी घासली होती हे पहिल्या घरातच त्यांना कळेल, आणि दुपारी एकच्या आत सगळ्या गल्लीला.