लाल पाटी

पावसाळा लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली दोन बडी मंडळी रजेवर जातात. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद. आणि विजेची मागणी उतरली की महाऔष्णिक केंद्रातला एखादा संच ओव्हरहॉलला. वाघाच्या रजेचा मला काही त्रास नाही. संच रजेवर गेला की आमचे हे घरातून नाहीसे होतात.

"काऊन वहिनी, भाऊजी दिसून नाही राहिले?" शेजारीण विचारते.

"संच बंद हाये."

केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, एवढं उत्तर पुरतं.

इथलं केंद्र २,९२० मेगावॅटचं. ५०० चे पाच संच, २१० चे दोन. संच बंद करायचा म्हणजे बटण दाबायचं, असं मला लग्न होईपर्यंत वाटायचं. तयारी महिनोन् महिने आधी सुरू होते. कुठल्या नळ्या झिजल्या, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, कुठला सुटा भाग कधी येणार, याद्यांवर याद्या. बंद केल्यावरही लगेच हात लावायची सोय नाही. बॉयलर निवायला वेळ द्यावा लागतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणारी टर्बाइन तापलेली असताना एका जागी उभी राहिली तर तिचा दांडा वाकतो, म्हणून जेवणानंतर सासऱ्यांना शतपावलीला पाठवावं तशी तिला निवेपर्यंत हळूहळू फिरवत ठेवतात.

मग ती उघडायची. खिसे रिकामे करून जवळ जायचं, पाना नोंदवून न्यायचा, मोजून परत आणायचा. एखादा नट आत राहिला तर पात्यांचा सत्यानाश. आणि जिथे काम चाललंय तिथे लाल पाटी: 'चालू करू नका, माणसं काम करत आहेत.' हे सगळं मला सांगताना हे कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधत असतात.

यांची एक दाढ दोन वर्षं ठणकत होती. "चालतंय अजून," हे म्हणायचे. "ओव्हरहॉल झाला की दाखवू." असे दोन ओव्हरहॉल झाले. शेवटी ज्या रात्री बॉयलर पुन्हा पेटवायचा होता, त्याच रात्री दाढेने दगा दिला. गाल पुरणाच्या पोळीसारखा टम्म.

"आधी काऊन नाही आले?" डॉक्टरांनी विचारलं.

"नियोजनात नव्हतं," सुजल्या तोंडातून उत्तर आलं.

"न ठरवता संच पडला तर तुमच्यात त्याला काय म्हणतात हो?" मी विचारलं.

"फोर्स्ड आउटेज," हे पुटपुटले. मग दाढ निघाली.

घरी येताना यांना उपरती झाली. आता घराचंही नियोजन! नवी वही आली, यादी झाली. पहिलं काम: हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर. मी उत्साहाने त्यावर लाल कागद चिकटवला: 'चालू करू नका, माणसं काम करत आहेत.'

यंदाचा चौथा पावसाळा. कागद गुलाबी झालाय. माणसं अजून आलेली नाहीत.