टाकी की वूफर

मोटार सजवण्याचा शौक परवडतो का, हे लोक रुपयांत विचारतात. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याने ते चौरस फुटांत विचारावं. रुपयांची सोय आपल्याकडे कशीही लागते. हप्ता असतो, भिशी असते, दिवाळीचा बोनस असतो आणि अगदीच अडलं तर आईचा हळवा स्वभाव असतो. जागा मात्र कुठलीही बँक सहजी देत नाही, आणि देते ती विरारच्या पुढची.

माझा भाचा मीरा रोडला राहतो. वन बीएचके, माणसं चार, आणि खाली पार्किंगमध्ये एक जुनी स्विफ्ट. नोकरी अंधेरीला. सकाळच्या वेळी गाडी घेऊन दहिसर चेकनाक्याला जाण्याइतका तो वेडा नाही. तो मुकाट्याने लोकल पकडतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार गाडी स्टिल्टमधल्या दोन खांबांच्या मधे उभी असते, आणि शनिवार-रविवार तिचं ‘काम’ चालू असतं म्हणून उभी असते. एवढा खर्च करतोस ती गाडी चालवतोस कधी, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, कपाटातली सगळी पुस्तकं तू वाचतोस का?” मी चहा मागवला.

त्याची बाजू मला हळूहळू पटत गेली. त्या घरातले पडदे ताईच्या आवडीचे, टाइल्स बिल्डरच्या आवडीच्या, टीव्ही आजीच्या मालिकांचा आणि हॉलमधला दिवाण दुपारी दाजींचा. तिथे स्वतःच्या मनासारखं काही करायचं तर मोबाइलचं कव्हर बदलणं एवढंच उरतं. गाडीत मात्र तीसेक चौरस फूट जागा अशी आहे, की तिथलं सीट कव्हर, पायाखालची मॅट, डॅशबोर्डावरचा गणपती आणि छतातला निळा दिवा तो एकटा ठरवतो. वन बीएचकेला जोडलेली ही त्याची अर्धी खोली आहे, फक्त ती चार मजले खाली आहे.

तिच्यासाठी पैसे कुठून येतात, याचं शास्त्र मोठं गोड आहे. मित्रांची भिशी आहे. बायका भिशीतून मिक्सर नाहीतर नथ घेतात. ही मुलं एका महिन्यात एकाला अलॉय व्हील घेऊन देतात, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याला प्रोजेक्टर लॅम्प. माल बहुतेक वापरलेला. ज्याला सतरा इंची चाकं घ्यायची असतात तो आपली पंधरा इंची विकतो, पंधरा इंची घेणारा आपली चौदा इंची पुढे सरकवतो, आणि श्रीमंतीचा हा प्रवाह वरून झिरपत झिरपत एकदा काशिमिऱ्याच्या हायवेलगतच्या एखाद्या गॅरेजात पोचतो. तिथे फिटिंग फुकट असतं आणि चहाचे पैसे आपण द्यायचे असतात. ताईच्या हिशेबाच्या वहीत हे सगळं ‘सर्व्हिसिंग’ या एकाच शब्दाखाली पडतं. “महिन्याच्या महिन्याला कसली रे सर्व्हिसिंग?” ती म्हणते, “विमानाला तरी लागते का एवढी?”

१४ ऑक्टोबर २०२४ला मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. दहिसरला ४५ रुपये पडायचे. भाच्याने त्या दिवशी कॅल्क्युलेटर काढून वर्षाचे किती वाचतील ते काढलं आणि त्या रकमेत अँड्रॉइड स्टिरिओ बसवून मोकळा झाला. ज्या फेऱ्या तो कधी करत नव्हता आणि करणारही नव्हता त्यांच्यावर झालेली ती बचत होती. शौकाचं अर्थशास्त्र असंच चालतं, आणि मला वाटतं, सरकारचंही.

हे खूळ या पिढीचं आहे असं दाजी म्हणतात, ते खरं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनीला आमच्या लहानपणी काय कमी नटवलंय? स्टेअरिंगशेजारचा गिअरचा दांडा काढून खाली जमिनीवर आणणारे हौशी होते. मागच्या काचेत मान हलवणारा कुत्रा, सीटच्या पाठीवर टर्किश टॉवेल, मडफ्लॅपवर मुलांची नावं. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली तेव्हा पहिली काही वर्षं लोकांनी सीटचं प्लास्टिकच काढलं नाही. काही न करणं हीच तेव्हा सजावट होती. लिंबू-मिरची तर आरसी बुकात लिहायला हवी, इतकी ती गाडीचा भाग आहे.

वरच्या टोकाला दिलीप छाब्रिया. १९९३ साली त्यांनी डीसी डिझाइन सुरू केलं आणि गाडी बदलून घेणं ही गोष्ट पहिल्यांदा प्रतिष्ठेची झाली. त्यांच्या इनोव्हा मला फार विचार करायला लावतात. सात-आठ माणसांच्या गाडीतल्या मागच्या सीटा काढायच्या आणि तिथे दोनच ऐसपैस, मागे रेलणाऱ्या खुर्च्या बसवायच्या. म्हणजे पैसेवाला माणूस गाडीत पैसे घालतो आणि वस्तू कमी करून जागा मिळवतो. माझा भाचा पैसे घालतो, वस्तू वाढवतो आणि होती ती जागाही घालवतो.

या बाबतीत त्याचा सगळ्यात मोठा हितचिंतक मोटार वाहन कायदा आहे. कलम ५२ सांगतं की आरसी बुकातली माहिती आणि कारखान्याने ठरवलेली रचना यांच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा एकेका बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. काचांवरची काळी फिल्म त्याआधी २०१२मध्येच कोर्टाने उतरवली होती. पुढच्या लोखंडी गार्डावर कारवाई करा असं डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं. रंग बदलायचा तरी आरसीत नोंद हवी. आणि जे काही बसवाल ते इन्शुरन्स कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी ती तुम्हाला कळवेल. भाच्याची यादी अशी छाटत छाटत अर्ध्यावर आली. दाजींनी आयुष्यात कधी कायदा वाचला नव्हता. आता त्यांना कलम ५२ तोंडपाठ आहे आणि जेवताना ते त्याचा दाखला देतात. घरखर्चाला एवढा हातभार लावणारं दुसरं कलम माझ्या पाहण्यात नाही.

उरलेल्या अर्ध्या यादीतला खरा पेच डिकीत होता. आपल्याकडचं सगळ्यात लोकप्रिय मॉडिफिकेशन कुणी मॉडिफिकेशन मानतच नाही, ते म्हणजे सीएनजी किट. इंजिनाचं खाणंच बदलायचं, तरी ते कायदेशीर. आरसीत नोंद करून घ्यायची आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करायची, एवढंच. स्विफ्ट घेतानाच दाजींची अट होती की किट बसवायचं. त्याप्रमाणे साठ लिटरची टाकी डिकीत आडवी झाली आणि डिकीचं पुढे डिकीपण फारसं उरलं नाही. त्यात एक छत्री आणि एक हवा भरायचा पंप मावतो.

भाच्याला तिथे वूफर बसवायचा होता. एका रविवारी तो ताईची शिवणाची टेप घेऊन डिकीत वाकला होता. टाकीच्या गोलाईला टेप लागत नव्हती, सुटून घरंगळत होती. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा. त्याने टाकीच्या आणि मागच्या दाराच्या मधली जागा तीनदा मोजली, कारण पहिल्या दोन वेळा ती कमी भरली. तिसऱ्यांदाही तेवढीच भरली.

“मामा, बारा इंची बसत नाही.”

“मग आठ इंची घे.”

“आठ इंचीने काच थरथरत नाही.”

काच थरथरल्याने काय होतं हे मी विचारलं नाही; काही प्रश्न मामाने विचारायचे नसतात. त्याने मात्र समजावलं. गॅसवर जे पैसे वाचतात त्यातूनच वूफर येणार आहे. म्हणजे टाकी काढली तर वूफरला जागा होते पण पैसे राहत नाहीत, आणि टाकी ठेवली तर पैसे राहतात पण जागा होत नाही. इतका स्वच्छ पेच मी संसारातही फार पाहिलेला नाही. शेवटी सीटखाली बसणारा चपटा वूफर घ्यायचं ठरलं. तो बारा इंचीपेक्षा महाग निघाला. आवाज कमी, जागा कमी, किंमत जास्त: मीरा रोडच्या घरांचा नियम त्यालाही लागू होता.

दुसरा पेच चाकांचा. भिशीतून अलॉय आली, चढली, गाडी देखणी दिसू लागली. पण गाडीबरोबर आलेली मूळ चाकं कुणी टाकून देत नाही. कारण ही गाडी कधीतरी विकायची असते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला आपल्या हौसेचं मोल शून्य असतं. उलट ‘पोराने काहीतरी करून ठेवलंय’ म्हणून तो दहा हजार कमी सांगतो. त्याला गाडी कारखान्यातून आली तशी लागते. तेव्हा चारही चाकं टायरसकट वर घरात आली. ती माळ्यावर चढवताना मी होतो. भाचा स्टुलावर, मी खालून रेटतोय, दाजी बाजूला उभं राहून कलम ५२. जुन्या चादरीत एकेक चाक बांधून आत सरकवलं तरी चौथं मावेना, कारण तिथे गणपतीचं मखर होतं. ते काढलं. मखर डिकीत ठेवू म्हटलं तर डिकीत टाकी. बाल्कनी केव्हाच हॉलमध्ये गेलेली. शेवटी मखर भाईंदरला माझ्याकडे आलं आणि आता माझ्या माळ्यावर आहे. भाच्याच्या शौकातला माझा वाटा मी असा चौरस फुटांत भरतो आहे.

खाडी, मिठागरं आणि उत्तनचा समुद्र यांच्या मधोमध राहणाऱ्या गाडीत एक बदल आपण न सांगता होतच असतो, तो गंजाचा. त्यावर अँटी-रस्ट कोटिंगचा खर्च भाच्याने केला तेव्हा दाजींनी प्रथमच मान डोलावली. न दिसणाऱ्या कामावर पैसे घातले की वडिलांना बरं वाटतं.

मला या सगळ्यात आठवण येते सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून अख्खी छोटी जीप बांधली, स्कूटरसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साधारण ६० हजार. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमांत बसत नाही, कधीतरी रस्त्यावर अडवली जाईल, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या, असं त्यांनी जाहीर केलं, आणि जानेवारी २०२२मध्ये बोलेरो खरोखर घरी आली. भाच्याला मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. अख्ख्या गाडीला साठ हजार, आणि तुझा चाकं-संगीताचा आकडा तर त्याच्या पुढे गेला, असंही म्हटलं. तो म्हणाला, “मामा, वेल्डिंग करायला मोकळी जागा लागते. आमच्या सोसायटीत सायकलचं चाक बदललं तरी सेक्रेटरी नोटीस लावतो.”

आता त्याने बिनजागेचा शौक शोधला आहे. २०२५मध्ये मीरा-भाईंदरला आरटीओचा स्वतंत्र कोड मिळाला, एमएच-५८. तोवर आम्ही ठाण्याच्या एमएच-०४मध्ये मोडत होतो. नव्या मालिकेत त्याला ४१४१ हवा आहे. आकड्यांना जरा वळण दिलं की तो ‘दादा’ दिसतो, ही महाराष्ट्रातली जुनी कला. पण एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी पाटी येते. तिच्या आकड्यांचं वळण ठरलेलं. तिथे दादा दिसणार नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

“मला माहीत असेल ना,” तो म्हणाला.

ताई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. नंबरला जागा लागत नाही, हे तिला एकदम आवडलं. मग दाजींनी सांगितलं की जुन्या गाडीला तो नंबर मिळत नाही, त्याला नवी गाडी घ्यावी लागेल, आणि सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग.

“घे की मग नवी,” ताई म्हणाली. “स्विफ्ट ठेव माळ्यावर. चाकं आहेतच तिथे.”