नियम क्रमांक सात

आमच्या सोसायटीनं शेतकरी जगवायचं ठरवलं आहे. दर रविवारी सकाळी सात ते दहा, बी विंगच्या पार्किंगमध्ये, पाहुण्यांच्या गाड्यांची अडचण होणार नाही अशा बेतानं. 'शेतातून थेट स्वयंपाकघरात' असा फलक लागला आहे. फलकावर बैलजोडी आहे. जुन्नरहून टेम्पो घेऊन येणाऱ्या बिचाऱ्याकडे बैल नाहीत, पण कमिटीनं छापलेच आहेत म्हटल्यावर त्यानं हरकत घेतली नाही.

परिपत्रकात नऊ नियम आहेत. आठ सोडून देतो. सातवा असा : '100 रुपयांच्या खरेदीवर कोथिंबीर विनामूल्य देणे शेतकऱ्यास बंधनकारक राहील.'

भाजीवर चार काड्या कोथिंबीर माझी आईही मागायची. पण ती मागायची, ठराव करत नसे.

पहिल्याच रविवारी 'कोथिंबीर म्हणजे किती' यावर वाद झाला. मुळांसकट की मुळं सोडून? पाचव्या मजल्यावरच्या काकूंची भाजी 98 रुपयांची झाली, तर त्यांनी दोन रुपयांच्या मिरच्या मागून शंभरी गाठली. एका जोडप्याची खरेदी 200 ची होती. त्यांनी एकाऐवजी दोन हिशेब करायला लावले, कारण संसार एक असला तरी खरेदी दोघांची होती. आणि डी विंगच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी, घरी वड्या करायच्या होत्या म्हणून, 100 रुपयांची कोथिंबीरच घेतली आणि तिच्यावर नियमाप्रमाणे कोथिंबीर मागितली. शेतकऱ्यानं सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी परिपत्रक उघडलं. नियमात अपवाद नव्हता.

ही कोथिंबीर उगवते कशी, ते कुठल्याच नियमात नाही. धने रगडून, दोन फाकी करून पेरायचे, मग साधारण 40 दिवस जपायचं. एक जोराचा पाऊस लागून राहिला की सगळं सडून जातं. वाचलंच तर बायका लावून काढायचं, जुड्या बांधायच्या, रात्रीत गाडी भरायची. मोठ्या बाजारात भाव जुडीचा नसतो, शेकड्याचा असतो. आवक वाढली की त्या शेकड्यात गाडीभाडंही सुटत नाही, मग उभ्या रानात मेंढरं सोडतात. तेव्हा आपण टीव्हीवर बघून चुकचुकतो. आणि पावसाळ्यात जुडी 40 रुपयांवर गेली रे गेली, की बातमी ठरलेली : गृहिणींचे बजेट कोलमडले! पोराच्या शाळेची फी वाढते, शाळेच्या बसची फी वाढते, केबलवाला वाढवतो, तेव्हा यांचं बजेट कसं ताठ उभं असतं? कोलमडायला त्याला कोथिंबीरच लागते का?

2016 साली राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला. अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, असंही ठरलं. हेतू हा, की मधल्यांचा जाच कमी व्हावा. आमच्याकडे टेबलाचं भाडं 200 रुपये, गणपतीची वर्गणी वेगळी, कमिटीच्या पाच घरांना नमुन्याची पिशवी, आणि काटा बरोबर दाखवत असतानाही 'वर एक टाका की मामा' म्हणून दर किलोमागे एक टोमॅटो. बाजारात याला कडता म्हणतात, आमच्याकडे आपुलकी. मधला माणूस गेला आणि त्याच्या जागी 144 फ्लॅट उभे राहिले. व्यापारी निदान पेरणीला उचल तरी देतो. आम्ही उचलतो फक्त.

दुसऱ्या रविवारी मामांनी भेंडी किलोमागे दहा रुपयांनी चढवली आणि कोथिंबिरीची पाटी हसत पुढे केली. काकू म्हणाल्या, माणूस सुधारला हो. फुकट दिल्याशिवाय विकलं जात नाही, हे मामांना आठवड्यात कळलं. आम्हाला काय कळलं, ते विचारू नका.

नियम सात रद्द करावा, असा अर्ज मी नोटीस बोर्डावर लावला आहे. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. आतापर्यंत एक सही झाली आहे, ती माझी. आमच्या घरातली दुसरी सही अजून मिळालेली नाही.